बिल्ला आणि लाकूड: आजोबांच्या क्यूची उलटतपासणी

#इतिहास_धागा

१/ आजोबांच्या मागे तीन वस्तू राहिल्या: एक मनगटी घड्याळ, हिशेबाची एक वही आणि काळ्या पत्र्याच्या लांब नळीत ठेवलेली एक क्यू. घड्याळ आत्याकडे गेले, वही माझ्याकडे आली आणि क्यू माळ्यावर गेली. गेल्या वर्षी ती खाली उतरली, ती घरात भांडण घेऊनच. आजचा धागा त्या भांडणाविषयी आहे आणि त्या निमित्ताने हाताने घडवलेल्या क्यूच्या इतिहासाविषयीही.

२/ आजोबा पुणे लष्करातील एका क्लबात बिलियर्ड-मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा. पण टेबलाचे कापड ब्रशने झाडणे, त्यावर जड इस्त्री फिरवणे, क्यूच्या टोकाची झिजलेली चामडी टिप बदलणे आणि एखाद्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे, हेही मार्करचेच काम असे. खेळायचे, पण फार जिंकायचे नाही, हा त्या नोकरीचा अलिखित नियम.

३/ घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली कथा अशी: १९४७ साली विलायतेला परतताना एका गोऱ्या साहेबाने आपली हातघडणीची इंग्रजी क्यू आजोबांना बक्षीस दिली. पुरावा? क्यूच्या बुंध्यावर बसवलेला हस्तिदंती रंगाचा छोटा बिल्ला. त्यावर नाव टॉम रीस आणि खाली आकडा: ४,९९,१३५. लहानपणी हा आकडा आम्हाला क्यूची किंमत वाटत असे.

४/ गेल्या वर्षी चुलतबहिणीला बाहेरगावी प्रवेश मिळाला. फी मोठी होती. काकांना माळ्यावरची नळी आठवली. दुसऱ्या शहरातील एका संग्राहकाने बिल्ल्याचे वर्णन ऐकून जी रक्कम सांगितली, तीत एका सत्राची फी भागत होती. त्याची अट एकच: क्यू अस्सल असल्याची खात्री. घरात इतिहासाचे वेड असलेला मी एकटाच. काका म्हणाले, “तू बघ आणि लिहून दे.”

५/ म्हणून मी क्यू वाचायला शिकलो. ‘वाचायला’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. जुने मोडी पत्र हाती आले की आपण केवळ शिक्का पाहून थांबत नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, कालगणना असे सारे तपासतो. क्यूचेही तसेच असते. बिल्ला हा तिचा शिक्का. लाकूड हे तिचे अक्षर. आधी थोडा इतिहास पाहू, मग आजोबांच्या क्यूकडे येऊ.

६/ बिलियर्ड्सच्या आरंभकाळी चेंडू क्यूने मारत नसत. लांब दांड्याला पुढे लाकडी ठोकळा लावलेला एक सोटा असे. त्याने चेंडू पुढे ढकलत. चेंडू कडेच्या कुशनला चिकटला की ठोकळा तिथे पोहोचेना. मग खेळाडू सोटा उलटा धरून दांड्याच्या शेपटाने फटका मारीत. फ्रेंच भाषेत शेपटाला ‘क्यू’ म्हणतात. शेपूट पुढे मुख्य हत्यार झाले आणि सोटा विस्मरणात गेला.

७/ पण नुसत्या लाकडी टोकाने चेंडूला फिरकी देता येत नाही, टोक घसरते. या टोकावर चामड्याची टिप बसवण्याचे श्रेय फ्रेंच लष्करातील कॅप्टन फ्रांस्वा मँगो यांना दिले जाते. पॅरिसच्या तुरुंगात राजकीय कैदी असताना त्यांनी हा प्रयोग केला, असे परंपरा सांगते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. चामडे आले आणि टेबलावर चेंडू वळू लागले, मागे फिरू लागले.

८/ इंग्लंडमधील बाथ शहरात जॉन कार नावाचा एक मार्करच होता. टिपेवर खडूची भुकटी लावली की पकड वाढते हे त्याने ओळखले आणि ती भुकटी फिरकीचे औषध असल्यासारखी विकली. १८२६ मध्ये लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी लाकडाऐवजी पाटीच्या दगडाचे टेबल बनवले. टेबल सपाट झाले, चेंडू सरळ धावू लागले. आता चूक झाली तर दोष टेबलाला देता येईना. खेळाडूचे लक्ष साहजिकच हातातल्या काठीकडे वळले.

९/ आता भारतात येऊ. १८७५ साली जबलपूर येथील डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये पावसाळ्यात अधिकारी बिलियर्ड टेबलाभोवती वेळ घालवीत. तिथे एकोणीस वर्षांच्या नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ या खेळात आणखी रंगीत चेंडू घातले. वूलिचच्या लष्करी अकादमीत नवख्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत. एका खेळाडूचा सोपा फटका चुकला, तेव्हा चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला आणि खेळाला नाव मिळाले. (हे चेंबरलेन म्हणजे पुढचे ब्रिटिश पंतप्रधान नव्हेत.)

१०/ पुढे चेंबरलेन उटीला गेले. तेथील क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. बिलियर्ड्सचे विख्यात खेळाडू जॉन रॉबर्ट्स धाकटे यांची व चेंबरलेन यांची १८८५ च्या सुमारास कलकत्त्यात भेट झाली आणि खेळाची माहिती इंग्लंडला पोहोचली. ज्या खेळाला जग इंग्रजी समजते, त्याचा जन्म नर्मदेच्या खोऱ्यातला आहे.

११/ इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही सारी हकिगत चेंबरलेन यांनी जाहीरपणे मांडली ती १९३८ साली, ‘द फील्ड’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात. घटना १८७५ ची, साक्ष १९३८ ची. अंतर ६३ वर्षांचे. वयाच्या ऐंशीनंतरची ही आठवण इतर लष्करी अधिकाऱ्यांनी दुजोरा दिल्यावर ग्राह्य मानली गेली. आठवण हा पुरावा असतो. पण ती कोणी, केव्हा, कशासाठी सांगितली हे त्याबरोबर लिहावे लागते. आजोबांच्या प्रकरणात हे पुन्हा उपयोगी पडेल.

१२/ आता क्यू कशी घडते ते पाहू. पुढचा दांडा बहुधा ॲश किंवा मेपल या लाकडाचा. ॲशच्या अंगावर बाणाच्या टोकांसारख्या रेषा ठळक दिसतात. मेपल गुळगुळीत, जवळजवळ कोरा. मागचा बुंधा जड व काळ्या एबनीचा, म्हणजे अबनुसाचा. पुढे हलके, मागे जड. त्यामुळे तोल हाताजवळ येतो. वजन साधारण १७ ते १८ औंस, म्हणजे पाचशे ग्रॅमच्या आसपास. टोकाचा व्यास साडेनऊ मिलिमीटरच्या जवळपास.

१३/ अबनूस आणि आपला तेंदू एकाच वनस्पती-कुळातले. ज्या तेंदूच्या पानांच्या विड्या वळतात, त्या झाडाची जंगले जबलपूरच्या परिसरात आजही आहेत. मेसमधल्या त्या तरुण अधिकाऱ्यांच्या हातातील क्यूचा काळा बुंधा आणि खिडकीबाहेरचे रान हे दूरचे भाऊबंद होते.

१४/ दोन लाकडे जोडायची कशी? हातघडणीत दांड्याचा मागचा भाग चारी बाजूंनी उतरता तासतात. एक लांब, निमुळती पाचर तयार होते. तिच्या समोरासमोरच्या दोन उतारांवर अबनुसाच्या पट्ट्या सरसाने चिकटवतात. सरस सुकला की ते पुन्हा सपाट करून उरलेल्या दोन बाजूंवर पट्ट्या चढवतात. मग चौकोनी दांडा रंध्याने अष्टकोनी, मग सोळा कोनी आणि अखेर गोल केला जातो.

१५/ आता गंमत पाहा. काळी पट्टी सपाट असते आणि क्यू गोल. सपाट पृष्ठभाग गोल काठीला तिरका छेदतो, तेव्हा त्याची कड वक्र उमटते. म्हणून हातघडणीच्या क्यूवर काळ्या लाकडाची चार टोके मेणबत्तीच्या ज्योतीसारखी गोलसर दिसतात. ती आपोआप एका उंचीवर येत नाहीत. रंध्याचा एक फेर जास्त पडला की टोक खाली सरकते. चारही टोके एका रेषेत आणणे ही कारागिराची परीक्षा.

१६/ यंत्राच्या जोडात दोन्ही लाकडांना एकमेकांत बसणाऱ्या खोल खाचा करवतीने पाडतात आणि ती दाबून चिकटवतात. तिथे टोके सुईसारखी अणकुचीदार आणि सारख्या लांबीची येतात. म्हणजे नवख्या डोळ्याला जे अधिक रेखीव वाटते ते यंत्राचे. जे किंचित गोल, किंचित असमान, ते हाताचे. नजर सुधारावी लागते ती इथे.

१७/ एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘हाताने घडवलेली’ म्हणजे एकाच म्हाताऱ्या कारागिराने एकट्याने घडवलेली, असे नव्हे. जुन्या इंग्रजी कारखान्यांतही जोड हाताने होत, आणि एकच क्यू अनेकांच्या हातांखालून जाई. आज थायलंड आणि चीनमध्येही हातजोडाच्या क्यू मोठ्या संख्येने बनतात. त्यामुळे ‘हात’ म्हणजे आपोआप ‘दुर्मीळ’ नाही. हात ही पद्धत आहे, प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र नव्हे.

१८/ मग हाताची किंमत कशात? लाकूड निवडण्यात. प्रत्येक ॲशच्या फळीची लवचीकता वेगळी. कारागीर तुकडा वाकवून, ठोकून, त्याच्या रेषा पाहून ठरवतो की हा क्यूला लायक आहे की नाही. बुंध्यात किती शिसे भरायचे, तोल कुठे ठेवायचा हे खेळाडूचा हात पाहून ठरते. यंत्र एकसारख्या आकाराच्या हजार काठ्या देईल, पण लाकूड एकसारखे नसते. हात त्या फरकाशी जुळवून घेतो.

१९/ आता बिल्ल्याकडे वळू, कारण फसवणुकीचा प्रवेश तिथूनच होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बिलियर्ड्सचे खेळाडू लोकप्रिय होते. त्यांच्या नावाचे आणि विक्रमी ब्रेकचे आकडे छापलेले बिल्ले क्यूंवर बसवून विकत. आज क्रिकेटपटूची सही छापलेली बॅट मिळते, तसेच. म्हणजे टॉम रीसच्या नावाची क्यू ही टॉम रीसची क्यू नव्हे. ती त्याच्या नावाने विकली गेलेली, दुकानातली क्यू.

२०/ आणि तो आकडा? १९०७ साली रीसने एका सलग डावात ४,९९,१३५ गुण केले. डाव सुमारे पाच आठवडे, सत्रामागून सत्र, चालला. दोन चेंडू कोपऱ्याच्या खिशाच्या तोंडाशी अडकवून ठेवायचे आणि त्यांना पुन्हा पुन्हा स्पर्श करीत राहायचे, असा तो ‘क्रेडल कॅनन’. प्रत्येक कॅननचे दोन गुण. म्हणजे जवळजवळ अडीच लाख वेळा तोच फटका.

२१/ पण हा ब्रेक अधिकृत विक्रम म्हणून मान्य झाला नाही. कारण असे की सर्व काळ वार्ताहर आणि प्रेक्षक उपस्थित नव्हते. लवकरच क्रेडल कॅननवर बंदीही आली. आकडा खरा, कष्ट खरे. तरी साक्षीदार अपुरे पडले. आणि तरीही तो आकडा बिल्ल्यावर छापला जाऊन हजारो मैल दूर पुण्यापर्यंत पोहोचला. बिल्ल्याने जे सांगितले ते खोटे नव्हते, अपुरे होते.

२२/ आता आमची क्यू. पत्र्याची नळी उघडून मी ती सकाळच्या उन्हात गच्चीवर नेली. पहिली गोष्ट: बुंधा काळा दिसत होता, पण उन्हात त्यात जांभळट-तपकिरी पट्टे उमटले. अबनूस असा दिसत नाही. आजीचे देवघर ज्या लाकडाचे होते, तेच हे लाकूड. शिसवी. इंग्लंडातील कारखान्यातही भारतीय शिसव जात असेल, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

२३/ दुसरी गोष्ट: जोडाची चार टोके गोलसर होती. म्हणजे हातजोड. मला आनंद झाला. पण तीन टोके एका उंचीवर, चौथे बोटभर खाली. कारखान्यातला अनुभवी माणूस असे सहसा होऊ देत नाही. तिसरी गोष्ट: बिल्ला ज्या खाचेत बसला होता ती खाच बिल्ल्याहून थोडी मोठी होती. उरलेली फट काळ्या लाखेने भरलेली. नखाने टोकरले तर लाखेचा कण निघून आला.

२४/ चौथी गोष्ट सगळ्यात बोलकी. हातजोडाच्या अनेक जुन्या क्यूंच्या बुडाशी पाहिले तर मध्यभागी दांड्याच्या फिकट लाकडाचा छोटा चौकोन दिसतो; आतली पाचर शेवटपर्यंत गेलेली असते. आमच्या क्यूच्या बुडाशी तो चौकोन होता, पण मध्यभागी नव्हता. एका बाजूला सरकलेला. कोणीतरी जुना बुंधा तासून काढला होता आणि त्याच गाभ्यावर नवा बुंधा चढवला होता.

२५/ मग मला वहीची आठवण झाली. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत किराणा, भाडे, देणी असे सारे पेन्सिलीने लिहिलेले. १९५१ च्या पानांत, दिवाळीनंतर, सहा ओळी सापडल्या. ‘बुंधा फुटलेली काठी, क्लबाच्या मोडीतून, आठ आणे.’ खाली शिसवी पट्ट्या, सरस, काचपेपर आणि लाख यांचा खर्च. आणि शेवटची ओळ: ‘बिल्ला दुसऱ्या मोडक्या काठीचा. पैसे नाहीत.’

२६/ १९४७ चा साहेब त्या पानावर कुठेच नव्हता. पुढचा दांडा एका फुटक्या इंग्रजी क्यूचा, बिल्ला दुसऱ्या मोडक्या क्यूचा, आणि या दोहोंना बांधणारा बुंधा माझ्या आजोबांच्या हातचा. मी बराच वेळ गच्चीवर बसून राहिलो. ज्या आजोबांना आम्ही बक्षीस घेणारा समजत होतो, ते घडवणारे निघाले. आणि त्याच ओळीत, बिल्ला चिकटवणारेही.

२७/ मी काकांना वही दाखवली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, “तू खोटं काही लिहू नकोस. फक्त फोटो बिल्ल्याचा पाठव. बिल्ला तर खराच आहे ना?” मित्रांनो, इतिहासातली पुष्कळशी बनावट याच वाक्यावर उभी असते. कागद खरा, शिक्का खरा, अक्षर खरे. फक्त ते एकत्र आणले कोणी आणि कशासाठी, एवढेच सांगायचे नाही. प्रत्येक तुकडा खरा ठेवून सबंध वस्तू खोटी करता येते.

२८/ आणि तरी मला काकांचा राग आला नाही. फी भरायची तारीख जवळ होती. समोर चुलतबहीण बसली होती. ती काहीच बोलत नव्हती, हे अधिक अवघड होते. मूळ कागदपत्रांसाठी गावोगाव पायपीट करणाऱ्या राजवाड्यांविषयी मी या धाग्यांतून उत्साहाने लिहीत आलो. अस्सल साधनांचे महत्त्व दुसऱ्यांच्या दप्तरांविषयी सांगणे सोपे असते. आपल्याच माळ्यावरची नळी उघडली की त्याची किंमत कळते.

२९/ आजोबांनी बिल्ला का लावला? मी आत्याला विचारले. १९५१ साली ती नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, “क्लबातल्या स्टँडवर मेंबरांच्या काठ्या असत. मार्करने आपली काठी तिथं लावायची नाही. अण्णांना मात्र चांगल्या काठीनं खेळायचं होतं. बिल्ला दिसला की कुणी विचारत नसे, कुणाची म्हणून.” अण्णा म्हणजे आजोबा.

३०/ ही साक्ष सत्तर वर्षांनंतरची आहे. चेंबरलेन यांच्या पत्रातले अंतर ६३ वर्षांचे. इथले त्याहून मोठे. म्हणून ती मी आत्याची आठवण म्हणूनच नोंदवतो. वही सांगते काय केले. आत्या सांगते का केले. दोन्हींचे वजन वेगळे. पण आत्याचे म्हणणे ग्राह्य धरले, तर तो बिल्ला ग्राहकाला फसवायला लावलेला नव्हता. एका कुशल माणसाला स्वतःच्या हत्याराने खेळता यावे, म्हणून घेतलेला तो परवाना होता.

३१/ मूल्याचा प्रश्न इथे उलगडू लागतो. क्यूचे मूल्य तीन निरनिराळ्या ठिकाणी असते. पहिले नावात, म्हणजे बिल्ल्यात. दुसरे घडणीत, म्हणजे लाकडात आणि जोडात. तिसरे वापरात, म्हणजे ती कोणाच्या हातात किती काळ होती यात. बाजार बहुधा पहिल्याचे पैसे देतो आणि आपण दुसऱ्याचे दिले असे समजतो.

३२/ तिसऱ्याचे उत्तम उदाहरण स्टीफन हेन्ड्री यांचे. चौदाव्या वर्षी घेतलेली, रेक्स विल्यम्स यांच्या नावाची, तुलनेने स्वस्त अशी क्यू त्यांनी वापरली. तिच्यावरच १९९० ते १९९९ या काळात त्यांनी जागतिक व्यावसायिक स्नूकर स्पर्धा सात वेळा जिंकली. १९९० मध्ये ती चोरीला गेली, तेव्हा परत मिळवण्यासाठी दहा हजार पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. चोराने एक स्वस्त काठी चोरली होती. हेन्ड्री यांचे मात्र कोवळ्या वयापासून घडलेले हाताचे वळण गेले होते.

३३/ ती परत मिळाली, पण २००३ च्या सप्टेंबरात बँकॉकहून विमानप्रवास करून आल्यावर मोडलेल्या अवस्थेत हाती पडली. नवी क्यू पैशाने मिळते. तिच्याशी जुळलेली नजर, मनगट आणि विश्वास पुन्हा मिळवायला किती काळ लागेल, हे कोणताही कारागीर सांगू शकत नाही. म्हणून खेळाडूंच्या लेखी ‘अस्सल’ याचा अर्थ संग्राहकाहून निराळा असतो.

३४/ पुण्याचे नाव या खेळांच्या इतिहासात दुसऱ्या कारणानेही आहे. १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. स्वतंत्र भारताचे ते कोणत्याही वैयक्तिक खेळातले पहिले जगज्जेते. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा जिंकला. विजेत्यांची नावे नोंदली जातात. टेबलाचे कापड इस्त्री करणाऱ्यांची नावे हिशेबाच्या वहीत राहतात, तीही वही टिकली तर.

३५/ शेवटी मी संग्राहकाला पाच छायाचित्रे पाठवली: बिल्ला, लाखेची फट, असमान टोके, बुडाचा सरकलेला चौकोन आणि वहीचे पान. सोबत चार ओळींचे पत्र. त्यांचे उत्तर सभ्य होते. ‘वस्तू रंजक आहे, पण माझ्या संग्रहात बसत नाही.’ त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. त्यांना इंग्रजी कारखान्याची क्यू हवी होती, आणि ही ती नव्हती.

३६/ काकांनी मुदत ठेव मोडली. फी भरली गेली. चार महिने ते माझ्याशी कामापुरते बोलले. गणपतीत एका दुपारी त्यांनी आपण होऊन क्यू मागून घेतली, चष्मा लावून जोडाच्या चौथ्या, खाली घसरलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “इथं अण्णांचा रंधा जास्त चालला.” बिल्ल्याविषयी ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

३७/ बिल्ला आम्ही काढला नाही. तो काढणे म्हणजे दुसरी बनावट झाली असती. आजोबांनी जे केले ते पुसून टाकणारी. चुलतबहिणीने वहीच्या त्या पानाची प्रत काढून पत्र्याच्या नळीत ठेवली आहे. तिच्या मागे तिने आत्याची आठवण आणि ती सांगितल्याची तारीख लिहिली आहे.

३८/ हाती जुनी क्यू आली तर काय पाहाल? बिल्ला शेवटी पाहा. आधी जोडाची टोके: गोलसर की अणकुचीदार, सारखी की असमान. मग बुंध्याचे लाकूड उन्हात. मग बुडाचा चौकोन. मग बिल्ल्याची खाच आणि तिच्या कडा. एबनी नसेल, टोके असमान असतील, तर लगेच ‘नकली’ म्हणू नका. कदाचित ती कोणाच्या तरी हातची अस्सल असेल. फक्त बिल्ल्यावर नाव दुसऱ्याचे असेल.

३९/ हे क्यूपुरतेच नाही. तुमच्याही घरात एखादी तलवार, अडकित्ता, पितळी समई किंवा घड्याळ असेल, आणि त्याबरोबर एखाद्या राजाची, सरदाराची किंवा साहेबाची कथा असेल. कथा मोडण्यासाठी नव्हे, तर खऱ्या घडवणाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी ती वस्तू वाचा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा. जे सांगतील ते, सांगणाऱ्याचे नाव आणि दिवस घालून, लिहून ठेवा. आणि ती चिठ्ठी त्या वस्तूजवळच ठेवा.

४०/ धागा समाप्त. तुमच्या घरातल्या अशा वस्तूची हकिगत खाली जरूर लिहा. कथा आणि पुरावा वेगवेगळ्या ओळींत लिहिलात, तर वाचायला अधिक आनंद होईल.